सेकंडहँड कॅम्पर घेताय? आधी सासूबाईंना आत बसवा

तुमच्या घरात असं कुणी आहे का, जे प्रवासाच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी पिणं बंद करतं?

आमच्याकडे आहेत. माझ्या सासूबाई, वय ७९. आम्ही इंदूरला राहतो आणि नणंद पुण्याला. पुण्याला जायचं ठरलं की आईंचं हे व्रत सुरू व्हायचं. वाटेत चहा नको, ताक नको, कलिंगडाची फोड तर नकोच. कारण एकच. रस्त्यात बाथरूम कुठे मिळेल, कसं असेल, आणि खाली बसायचं असेल तर या गुडघ्यांनी उठता येईल का? चार वर्षांपूर्वी अशाच एका प्रवासानंतर त्यांना लघवीचा संसर्ग झाला आणि तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. त्यानंतर त्यांनी इंदूर सोडलंच नाही. सख्ख्या नातीचं लग्न त्यांनी फोनवर पाहिलं. अक्षता टाकायच्या वेळी मुठीत तांदूळ घेऊन त्या फोनसमोर उभ्या राहिल्या होत्या. ते पाहून यांनी तोंड फिरवलं आणि आतल्या खोलीत निघून गेले.

निवृत्तीनंतर हे एक दिवस म्हणाले, "आपण कॅम्पर घेऊ या का? आत पलंग, ओटा आणि मुख्य म्हणजे संडास असलेली गाडी." मी आधी हसले. मग हिशेब केला. नवीन गाडी घेऊन आतलं सगळं काम करून घ्यायचं तर खर्च आमच्या आवाक्याबाहेर जात होता. जुनी घेतली तर मुदत ठेवीतले काही पैसे मोडून जमण्यासारखं होतं. ते पैसे आमच्या दोघांच्या आजारपणासाठी ठेवलेले होते, हे सांगायला हवं. म्हणजे चुकलो असतो तर नुसता छंद महाग पडला असता असं नव्हे, म्हातारपणाचा आधारच गेला असता. आणि आम्ही खरोखर चुकता चुकता वाचलो. म्हणून हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

पहिली गाडी, पहिली चूक

मोबाइलवर एक जाहिरात दिसली. मुंबईच्या बाजूची टेम्पो ट्रॅव्हलर, आतून घर केलेली. पांढरी कपाटं, पिवळे मंद दिवे, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. किंमत ९ लाख ७५ हजार. फोनवर मालक म्हणाले, "आणखी दोन पार्ट्या येतायत, टोकन पाठवलंत तर थांबवतो." आम्ही २० हजार रुपये तिथल्या तिथे पाठवले. गाडी पाहिली नव्हती, कागद पाहिले नव्हते. पडदे मात्र पाहिले होते!

अवंतिका एक्सप्रेसने आम्ही दोघं गेलो. गाडीचं दार उघडताच आतून मोगऱ्याच्या सेंटचा भपकारा आला. मी तर ओट्याच्या कप्प्यात डबे कसे बसतील तेच बघत होते. यांनी मात्र आरसी बुक मागितलं, आणि तिथेच गाडं अडलं.

कागदावर ती गाडी चालकासह तेरा आसनांची होती. आत आसनं होती चार. बाकीची काढून तिथे पलंग, ओटा आणि बाथरूम बसवलेलं. या बदलाची आरटीओकडे कसलीही नोंद नव्हती. मालक म्हणाले, "अहो, सगळे असंच चालवतात." चालवत असतीलही. पण मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. दंड भरून एकवेळ सुटता येईल. खरी भीती विम्याची. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने विचारलं की कागदावर तेरा आसनं आहेत, मग हा पलंग कुठून आला, तर आपण काय सांगणार? आणि आत झोपलेलं माणूस आपलंच असणार ना!

भरीला आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद तशीच होती. "कर्ज फिटलंय, कागद येतील," असं उत्तर मिळालं. गाडी समुद्राजवळ उभी असायची. यांनी फरशीवर गोणपाट टाकून गाडीखाली डोकावून पाहिलं, तर चॅसीला हात लावला की गंजाचे पापुद्रे निघत होते.

आम्ही गाडी नाकारली. टोकन परत मिळालं नाही. परतीच्या गाडीत आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोललो नाही. घरी आल्यावर आईंना सगळं सांगितलं. मोगऱ्याच्या वासाचं ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, इतका सेंट मारलान म्हणजे कसलातरी वास झाकायचा असणार. पाहुणे यायच्या आधी आपण उदबत्ती का लावतो?"

त्या कोकणातल्या. माहेरचं घर कौलारू, पावसात चार महिने गळणारं. ओलीचा वास त्यांना आपल्याआधी कळतो. हे पुढे फार कामी आलं.

घर नंतर, गाडी आधी, कागद सर्वांत आधी

त्या वीस हजारांत आम्ही एक गोष्ट शिकलो. जुनी कॅम्पर घेताना आपण दोन वस्तू एकदम घेत असतो: एक घर आणि एक गाडी. घर डोळ्यांत भरतं, म्हणून गाडीकडे दुर्लक्ष होतं. तेव्हा क्रम उलटा ठेवायचा.

कागदांपासून सुरुवात करा. आपल्याकडच्या वाहनांच्या वर्गवारीत खासगी वापरासाठीची कॅम्पर व्हॅन असा वेगळा प्रकार आहे आणि तो खासगी, म्हणजे बिगर-वाहतूक गाड्यांमध्ये मोडतो. आरसीवर तशी नोंद आहे का, आसनसंख्या आतल्या आसनांशी जुळते का, हे पाहा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा वर्ग, नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. चॅसी नंबर गाडीवर शोधून कागदाशी स्वतः ताडून पाहा. चलनं थकली आहेत का तेही बघा. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि आपल्या राज्याचा रोड टॅक्स. हा टॅक्स गाडीच्या किमतीत धरायला लोक विसरतात. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. विमा आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज १४ दिवसांत करायचा असतो. आणि हो, आतल्या फ्रिज-पलंगाची किंमत विम्यात आपोआप धरली जात नाही. ती नोंदवून घ्या.

गाडीचं वयही महत्त्वाचं. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तुम्ही दिल्लीच्या आसपास राहत असाल तर जुन्या डिझेल गाड्यांसाठी तिथे वेगळे निर्बंध आहेत, ताजा नियम पाहूनच व्यवहार करा. लायसन्सबद्दल मात्र फार घाबरू नका. गाडीचं भारासह एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत असेल तर ती हलक्या मोटर वाहनातच मोडते.

दुसरी गाडी

पाच महिन्यांनी बडोद्याच्या एका गुजराती जोडप्याची गाडी कळली. २०१७ ची, आरसीवर स्वच्छ कॅम्पर व्हॅन अशी नोंद. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि मुलांनी लांबचं ड्रायव्हिंग बंद करायला लावलं होतं. या वेळी आम्ही ओळखीच्या मेकॅनिकला तीन हजार रुपये आणि जायचं-यायचं भाडं देऊन सोबत नेलं. तुम्हीही न्या. त्या तीन हजारांइतके कामाला आलेले पैसे दुसरे नाहीत.

मेकॅनिकने आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी बोनेटला हात लावून पाहिला. गार होतं. थंड इंजिन कसं सुरू होतं त्यावरून बरंच कळतं. गरम केलेलं इंजिन सगळे दोष लपवतं. सुरू झाल्यावर धुराचा रंग पाहिला. निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जळतंय असं समजायचं. मग चढावर थांबवून पुन्हा चालवली, म्हणजे क्लच आणि हँडब्रेक दोन्ही कळले.

टायर दिसायला नवे होते, नक्षी खोल. पण टायरच्या कडेवर चार आकडे असतात ते त्याने दाखवले. १८१७, म्हणजे २०१७ सालचा अठरावा आठवडा. गाडी कमी चालली म्हणून टायर झिजले नव्हते, पण रबर वयाने कडक होऊन बारीक चिरा पडल्या होत्या. कॅम्परचं हे लक्षात ठेवा. ही गाडी धावून जितकी खराब होते, तितकीच उभी राहूनही होते. टायर, बॅटरी, रबरी पाइप सगळं उभ्या उभ्या म्हातारं होतं. "फक्त २२ हजार किलोमीटर चाललीय" हे ऐकून लगेच भुलू नका.

काकूंनी मला एक वही दिली. प्रत्येक वेळचं डिझेल, प्रत्येक दुरुस्ती, तारखेसकट. गुजराती अक्षरं मला अडखळत वाचता येतात, पण आकडे कळत होते. मोगऱ्याच्या सेंटपेक्षा मला ती वही जास्त भरवशाची वाटली. ९ लाख २५ हजारांवरून बोलणी ८ लाख ७५ हजारांवर आली. मी म्हटलं, "एक अट आहे. आमच्या आईंनी गाडी बघायला हवी." काकाकाकूंना तसंही उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला यायचं होतं. म्हणाले, गाडी घेऊनच येतो.

आईंची तपासणी

ती दोघं आमच्याकडे मुक्कामाला आली. गाडी फाटकाशी उभी केली आणि आई काठी टेकत बाहेर आल्या.

पहिल्याच पायरीला त्या थांबल्या. पायरी गुडघ्याइतकी उंच. आम्ही तिघं तिथून दहा वेळा आत-बाहेर केलं होतं, एकालाही खटकलं नव्हतं. यांनी पाट ठेवला, मग त्या चढल्या. बाथरूममध्ये गेल्या, दार लावून घेतलं. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "बसायला जमतंय. पण उठताना धरायचं काय?" खरंच, धरायला काहीच नव्हतं. ज्या कारणासाठी गाडी घेत होतो तेच आम्ही तपासलं नव्हतं!

मग त्या मागच्या पलंगावर आडव्या झाल्या आणि एक मिनिटात उठून बसल्या. "अगं, इथे पाणी मुरतंय."

काकांना वाईट वाटलं. म्हणाले, नाही हो, कधीच गळलं नाही. ते खोटं बोलत नव्हते. यांनी गादी उचलली, कोपऱ्यातली प्लाय काळपट दिसली. बोट दाबलं तर भिजलेल्या बिस्किटासारखी आत गेली. छतावरच्या पंख्याभोवतीचं सीलंट तडकलं होतं आणि पावसाचं पाणी भिंतीच्या आतून खाली उतरत होतं. थेंब कधीच दिसला नसता. जुन्या कॅम्परचा सगळ्यात महाग रोग हाच. म्हणून छताचे सांधे, खिडक्यांच्या कडा, कपाटांचे आतले कोपरे बोटाने दाबून बघा. नव्याने चिकटवलेला वॉलपेपर आणि तीव्र सुगंध दिसला की तिथे आणखी जोरात दाबा.

रात्री आम्ही आतले दिवे, पंखा आणि छोटा फ्रिज चालू ठेवून पाहिले. पहाटे तीनला सगळं बंद पडलं. घरच्या भागाची बॅटरी संपलेली. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत पूर्ण भरल्यावर आणि थोडा वेळ शांत ठेवल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. पण मीटरवरचा आकडा एक आणि रात्रभर चालणं वेगळं. विकणाऱ्याची हरकत नसेल तर एक रात्र चालवून बघाच. गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या, हवा खेळणाऱ्या वेगळ्या कप्प्यात आहे याची खात्री केली.

सकाळी पोहे-जिलेबी खाताना पुन्हा बोलणी झाली. काकांनी स्वतःहून ६० हजार कमी केले. ८ लाख १५ हजारांना व्यवहार ठरला. निघताना काकूंनी गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला आणि मला म्हणाल्या, हिला फार दिवस उभी ठेवू नकोस.

घेतल्यानंतरचा खर्च

इथे थांबून तुम्हाला एक स्पष्ट सांगते. गाडीच्या किमतीतच सगळं संपत नाही. छताचं सील आणि प्लाय, नवे टायर, नवी बॅटरी, खाली उतरणारी घडीची पायरी, बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे, एनओसी, टॅक्स, विमा. सगळं धरून आम्ही १० लाखांच्या थोडे पुढे गेलो. म्हणून तुमचं बजेट दहा लाखांचं असेल तर गाडी आठच्या आसपासची बघा.

सामान आणि पाणी भरून गाडी एकदा काट्यावर नेली. आमच्याकडे त्याला धर्मकाटा म्हणतात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, हे पटकन लक्षात येत नाही. आरसीवर जे एकूण वजन लिहिलंय त्याच्या आत राहायला हवं, कारण ब्रेक तेवढ्यासाठीच बनवलेले असतात. आमची टाकी, ओटा आणि कपाट एकाच बाजूला होतं. जड डबे दुसऱ्या बाजूला हलवले. गाडीची उंची मोजून यांनी स्टिअरिंगसमोर चिठ्ठी चिकटवली आहे. रेल्वेच्या पुलाखालून जाताना ती चिठ्ठी फार उपयोगी पडते.

आणखी एक. घेण्याआधी शक्य असेल तर दोन दिवस भाड्याने घेऊन बघा. महाराष्ट्राने आणि केरळनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. भाड्याने गाडी देणारे आता शोधले तर सापडतात. मैलापाण्याची टाकी स्वतः रिकामी करायची असते, ती योग्य ठिकाणीच करायची असते. हे काम दोन दिवस करून पाहिलं की आपल्याला झेपेल का ते कळतं. आमच्या घरात ते काम यांच्याकडे आहे, हे मी आधीच लिहून घेतलंय!

पहिला प्रवास

पहिल्याच खेपेला पुण्याला निघायचं धाडस आम्ही केलं नाही. महेश्वरला गेलो. इंदूरहून शंभर किलोमीटरच्या आतच. काही बिघडलं तर मेकॅनिक येऊ शकेल इतकं जवळ. आदल्या रात्री मी मुद्दाम आईंच्या उशाशी तांब्याभर पाणी ठेवलं. सकाळी तांब्या तसाच भरलेला होता. मी काही बोलले नाही.

महू मागे पडलं. मानपूरच्या अलीकडे गाडी सावलीत लावली आणि मी ओट्यावर आल्याचा चहा टाकला. आई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांना अर्धा कप दिला. त्यांनी एकदा बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, मग चहा प्यायल्या. थोड्या वेळाने उठल्या, कठडा धरून आत गेल्या, बाहेर आल्या, हात धुतले आणि पुन्हा खिडकीपाशी बसल्या.

गाडी सुरू करायला हे पुढे निघाले, तेवढ्यात आई म्हणाल्या, "थांब रे जरा. अगं, पातेल्यात अजून अर्धा कप आहे का?"

होता. मग तिघांनी पुन्हा थोडा थोडा घेतला आणि निघालो. दुपारी नर्मदेच्या घाटावर त्या तासभर बसल्या. येताना मला म्हणाल्या, "पुण्याला किती तास लागतील गं?"

दिवाळीनंतर निघतो आहोत. नातीला अजून सांगितलेलं नाही. आईंना तिच्या दारात अचानक उभं राहायचंय, मुठीत अक्षता घेऊन.